सगळे एकदम की एकटाच? गेम सर्व्हरवरून खेळाडू तुटतात तेव्हा काय तपासायचं

बेळगावात, खानापुरात, निपाणीत घरच्या घरी गेम सर्व्हर (सगळे मिळून खेळतात ते जग सांभाळणारा प्रोग्रॅम किंवा मशीन) चालवणारी पोरं आता बरीच दिसतात. चार मित्र मिळून माइनक्राफ्टचं एक जग उघडतात, सुट्टीला पुण्याहून आलेला दादा त्यात शिरतो, चंदगडचा मामेभाऊ मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून येतो. दिवाळीत दिवसा अंगणात मातीचा किल्ला आणि रात्री सर्व्हरवर राजहंसगड, असं दोन्ही बांधकाम चालू असतं. आणि ऐन रंगात ग्रुपवर कुणीतरी लिहितं, "मला परत बाहेर टाकूलालंय की रे." दुसरा म्हणतो सर्व्हर पडला. तिसरा म्हणतो, माझं तर चालू आहे. मग एकजण राउटर बंद-चालू करतो, दुसरा मोड (गेमला जोडलेली जादा भर) काढतो, तिसरा मेमरी वाढवतो. तासाभराने खेळ सुरू होतो, पण नेमकं कशामुळे बरं झालं हे कुणालाच सांगता येत नाही. दोन दिवसांनी तेच दुखणं परत.

माझं सांगणं एवढंच आहे की सेटिंगला हात लावण्याआधी कोण तुटलं हे कळलं पाहिजे. सगळे एकाच क्षणी तुटले, का एकटाच तुटतो, का एका गावचे किंवा एका नेटवाल्याचे सगळे तुटतात? हे कळलं की निम्मा शोध संपला. खालची सगळी पद्धत याच प्रश्नावर उभी आहे. उदाहरणं मुख्यतः माइनक्राफ्टची आहेत, थोडी काउंटर-स्ट्राइक १.६ ची. दुसरा कुठला गेम असला तरी तपासण्याचा क्रम बदलत नाही.

आधी वही

एक साधी वही घ्या, किंवा ग्रुपवर एक मेसेज पिन करून ठेवा. कुणी तुटलं की त्याने चार गोष्टी लिहायच्या: नाव, घड्याळातली वेळ, पडद्यावर आलेलं वाक्य, आणि तो वाय-फायवर होता, केबलवर होता की मोबाइल नेटवर. "आत्ताच गेलो" हे चालणार नाही, "९:४२" असं हवं. आठवडाभर हे नीट झालं की चित्र स्पष्ट व्हायला लागतं. एकच पोरगा रोज रात्री नऊनंतर तुटतोय, किंवा संध्याकाळी करंट जातो त्याच मिनिटाला सगळे तुटतायत, हे वहीत दिसतं. आठवणीत दिसत नाही.

वेळेबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. सर्व्हर स्वतःची नोंद ठेवत असतो, तिला लॉग म्हणतात. माइनक्राफ्टमध्ये लॉग्स नावाच्या फोल्डरमध्ये लेटेस्ट लॉग ही फाइल असते. सर्व्हर भाड्याच्या मशीनवर असेल तर तिथलं घड्याळ बहुधा जागतिक प्रमाणवेळेवर असतं, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्याकडे रात्री ९:४० झाले तेव्हा लॉगमध्ये १६:१० दिसतील. हे ध्यानात न घेता लॉग वाचला तर चुकीच्या ओळीवर बोट ठेवलं जातं. त्यापेक्षा मशीनचं घड्याळ भारतीय वेळेवर लावून टाकावं.

पडद्यावरचं वाक्य जसंच्या तसं

"एरर आला" या माहितीचा काही उपयोग नाही. स्क्रीनशॉट मागा. नेहमी येणारी वाक्यं थोडीच आहेत, आणि प्रत्येकाची दिशा वेगळी आहे.

"टाइम्ड आउट" म्हणजे दोन टोकांमध्ये शांतता झाली. माइनक्राफ्टचा सर्व्हर ठराविक वेळाने खेळाडूच्या मशीनला "आहेस का?" असं विचारत असतो. उत्तर वेळेत आलं नाही, किंवा अर्धा मिनिटभर काहीच हललं नाही, तर जोडणी सोडून दिली जाते. याचं कारण नेट असू शकतं, तसंच गुदमरलेला सर्व्हरही असू शकतो. म्हणून या वाक्यावरून लगेच नेटवाल्याला फोन लावू नका.

"कनेक्शन रिसेट" म्हणजे जोडणी मध्येच कुणीतरी तोडली: सर्व्हर बंद पडला, राउटर परत चालू झाला, अँटिव्हायरसने अडवलं किंवा खेळाडूचा आयपी पत्ता (नेटवरचा आकड्यांचा पत्ता) बदलला. "कनेक्शन रिफ्युज्ड" याच्याहून वेगळं आहे. तिथे मशीनपर्यंत पोचलात, पण त्या पोर्टवर (गेमसाठी ठरलेल्या क्रमांकाच्या दारावर) ऐकणारं कुणी नव्हतं. सर्व्हर सुरूच नाही किंवा पोर्ट चुकलाय.

"आउटडेटेड क्लायंट" किंवा "आउटडेटेड सर्व्हर" आलं तर दोघांच्या आवृत्त्या जुळत नाहीत, तिथे नेट तपासण्यात वेळ घालवू नका. "लॉग्ड इन फ्रॉम अनदर लोकेशन" म्हणजे तेच खातं दुसरीकडून उघडलंय, घरोघरी भावंडांमध्ये हे सर्रास होतं. "फ्लाइंग इज नॉट एनेबल्ड" हे वाक्य पाहून पोरं घाबरतात, चीटर ठरवलं म्हणतात. पण लॅगमुळे (जोडणी अडखळल्यामुळे) खेळाडू हवेत अडकल्यासारखा दिसला तरी सर्व्हर त्याला बाहेर काढतो. ओळखीच्या पोरांचा सर्व्हर असेल तर सर्व्हर प्रॉपर्टीज फाइलमध्ये अलाऊ फ्लाइट चालू करून टाका.

"फेल्ड टू व्हेरिफाय युजरनेम" आलं तर खेळाडूला गेम आणि लाँचर पूर्ण बंद करून पुन्हा लॉगिन करायला सांगा. इथे बरेचजण ऑनलाइन मोड (खातं खरं आहे का हे तपासणारं सेटिंग) बंद करण्याचा सल्ला देतात. तो ऐकू नका. ऑनलाइन मोड बंद असलेल्या सर्व्हरवर कुणीही तुमच्या ॲडमिनचं नाव टाकून आत येऊ शकतो, आणि महिनाभर बांधलेलं जग एका रात्रीत उद्ध्वस्त करू शकतो. लहान पोरांच्या सर्व्हरवर तर व्हाइटलिस्टही (आत येऊ द्यायच्या नावांची यादी) चालू असलीच पाहिजे.

सगळे एकदम तुटले तर

वहीत एकाच मिनिटाला सगळ्यांची नावं असतील तर खेळाडूंना काही करायला सांगू नका. दोष सर्व्हरच्या टोकाला आहे. आता पाहायचं की सर्व्हरचा प्रोग्रॅम अजून चालू आहे की तोही बंद पडला.

चालू असेल तर आपल्याकडे पहिला संशय करंटवर. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात करंट येतो-जातो हे वेगळं सांगायला नको, पण शहरातही क्षणभराची झपकी पुरते. होतं असं की सर्व्हर लॅपटॉपवर असतो, त्याला बॅटरी असते, म्हणून तो तसाच चालू राहतो. भिंतीवरची फायबरची पेटी आणि राउटर मात्र क्षणभर विझतात, आणि परत नेट धरायला त्यांना काही मिनिटं लागतात. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून कुणाला करंट गेल्याचं कळतही नाही, ट्यूबलाइट जरा मिचकावते एवढंच. म्हणून सगळे तुटले की पहिल्यांदा राउटरच्या पानावर (ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकला की उघडतं त्या) जाऊन तो किती वेळ चालू आहे हे पाहा. "अपटाइम" तीन मिनिटं दाखवत असेल तर चोर सापडला.

इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला बहुधा यूपीएस आणि नॉर्मल असा एक खटका असतो. नॉर्मलवर असताना बॅटरीवर जायला जरा जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात राउटर किंवा डेस्कटॉप परत चालू होतो. यूपीएसवर टाकलं की बदल झटकन होतो. मात्र मग व्होल्टेज थोडं उतरलं तरी इन्व्हर्टर बॅटरीवर जातो, आणि जिथे संध्याकाळी व्होल्टेज पडतं तिथे बॅटरी लवकर उतरते. दुसरा उपाय मला जास्त पटतो: राउटर आणि फायबरच्या पेटीसाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो लावा. घेण्यापूर्वी दोन्ही पेट्यांच्या अडॅप्टरवर छापलेलं व्होल्टेज आणि अँपिअर वाचा. बहुतेक १२ व्होल्टच्या असतात, पण काही ९ किंवा ५ च्याही असतात, आणि चुकीचं व्होल्टेज दिलं तर पेटी जळते. आणखी एक पाहा: पोरं राउटरला बॅकअप देतात आणि शेजारची फायबरची पेटी विसरतात. दोन्ही वेगळ्या असतील तर दोन्हींना हवा.

पेटीवरचे दिवेही बोलतात. पॉन हा दिवा स्थिर हिरवा पाहिजे. एलओएस (लॉस) नावाचा दिवा लाल झाला म्हणजे प्रकाश येतच नाही, केबल कुठेतरी तुटली किंवा फार वाकली. तिथे तुम्ही काही करू शकत नाही, नेटवाल्यालाच बोलवावं लागतं.

राउटर परत चालू झाल्यावर सर्व्हर ठीक दिसतो आणि तरीही बाहेरचं कुणी येत नाही, असंही होतं. तुमचा आयपी पत्ता बदललेला असतो आणि पोरांनी जुना साठवलेला असतो. त्यावर डायनॅमिक डीएनएस लावा. आकड्यांऐवजी नाव दिलं जातं, आणि पत्ता बदलला की ते नाव आपोआप नव्या पत्त्याकडे वळतं. बरेचसे राउटर हे स्वतःच करतात.

करंट ठीक होता, राउटरही चालू होता, किंवा सर्व्हरचा प्रोग्रॅमच बंद पडला, तर मशीनकडे वळा. लॅपटॉपचं झाकण मिटल्यावर तो झोपतो का? काही वेळाने स्लीपमध्ये जातो का? विंडोज अपडेटने मध्येच रीस्टार्ट केलं का? ॲक्टिव्ह अवर्सची वेळ खेळाच्या वेळेशी जुळवून घ्या.

सर्व्हर चालू आहे पण दमलाय

तुटण्याआधी सगळ्यांनाच ब्लॉक फोडल्यावर परत येताना दिसत असतील, गाई-मेंढ्या जागीच थिजल्या असतील, तर नेटचा दोष नाही. माइनक्राफ्टचा सर्व्हर सेकंदाला २० टिक चालतो, म्हणजे प्रत्येक टिकला ५० मिलिसेकंद मिळतात. काम तेवढ्यात उरकलं नाही की तो मागे पडत जातो आणि लॉगमध्ये "कान्ट कीप अप" अशी ओळ येते, सोबत किती मिलिसेकंद आणि किती टिक मागे आहे ते लिहिलेलं असतं. कधीमधी एखादी ओळ आली तर दुर्लक्ष करा. ओळीमागून ओळ येत असेल तर तिथेच उपचार करायला हवा. एकच टिक ६० सेकंद अडकला तर मूळ सेटिंगप्रमाणे सर्व्हर स्वतःला बंद करून घेतो. अशा वेळी क्रॅश रिपोर्ट्स फोल्डरमध्ये त्या वेळेची फाइल सापडते.

पहिलं औषध व्ह्यू डिस्टन्स, म्हणजे खेळाडूला किती लांबपर्यंतचं जग पाठवायचं तो आकडा. ते १० असेल तर प्रत्येक खेळाडूभोवती २१ गुणिले २१, म्हणजे ४४१ चंक (जगाचे चौकोनी तुकडे) सांभाळावे लागतात. ६ केलं की १३ गुणिले १३, म्हणजे १६९. ओझं निम्म्याहून खाली येतं आणि पोरांना फरक फारसा जाणवत नाही. दूरचं दिसायलाच हवं असेल तर व्ह्यू डिस्टन्स जास्तच ठेवून सिम्युलेशन डिस्टन्स कमी करा, कारण प्राणी, पिकं, यंत्रं हे सगळं दुसऱ्या आकड्यावर चालतं.

मेमरीबद्दल बराच गैरसमज आहे. ८ जीबीच्या मशीनवर ७ जीबी जावाला, म्हणजे माइनक्राफ्ट ज्यावर चालतं त्या प्रोग्रॅमला, देऊन टाकली तर विंडोज स्वतःच गुदमरतं आणि डिस्कवर अदलाबदल सुरू होते, मग सगळंच सावकाश. चार-पाच पोरांच्या साध्या सर्व्हरला ३ ते ४ जीबी पुरते. लॉगमध्ये "आउट ऑफ मेमरी" असं स्पष्ट आलं तरच वाढवा. लिनक्सच्या छोट्या भाड्याच्या मशीनवर तर मेमरी संपली की प्रणालीच जावाला मारून टाकते आणि गेमच्या लॉगमध्ये एक अक्षरही राहत नाही. लॉग मध्येच तुटलेला दिसला तर प्रणालीच्या नोंदी पाहा.

सर्व्हर अपडेट केल्यावर सुरूच होईना तर जावाची आवृत्ती बघा. माइनक्राफ्ट १.१८ पासून जावा १७ लागतं आणि १.२०.५ पासून किमान जावा २१.

बाकी ओझं शोधायला स्पार्क हे प्लगइन (सर्व्हरला जोडायची भर) चांगलं आहे. कुठलं यंत्र, कुठला प्राण्यांचा गोठा, कुठलं प्लगइन किती वेळ खातंय ते दाखवतं. अंदाजाने प्लगइन काढत बसण्यापेक्षा हे करा. आणि बॅकअप रात्री तीनला ठेवा. नऊला बॅकअप सुरू झाला की जुन्या हार्डडिस्कवर सर्व्हर अडखळतोच.

एकटाच तुटतो तेव्हा

बाकी चौघे मजेत आहेत आणि एकच पोरगा बाहेर पडतोय, तर सर्व्हरला हात लावू नका. त्याच्या घरातली जोडणी तपासायची. यासाठी एक चाचणी आहे, ती मी सगळ्यात जास्त मानतो, कारण दहा मिनिटांत दोष घरातला की बाहेरचा हे ती दाखवते.

त्याच्या संगणकावर कमांड प्रॉम्प्टच्या दोन खिडक्या उघडायच्या. एकीत स्वतःच्या राउटरला सतत पिंग (समोरून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी कमांड) लावायचं, राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. दुसरीत सर्व्हरच्या पत्त्याला; तो पिंगला उत्तर देत नसेल तर ८.८.८.८ या गुगलच्या पत्त्याला. दोन्ही खिडक्या शेजारी ठेवून त्याला नेहमीसारखं खेळू द्या. तुटला की लगेच दोन्हीकडे बघा.

राउटरचं पिंग १-२ मिलिसेकंद असायला हवं. तेच २०० वर उडी मारत असेल किंवा "रिक्वेस्ट टाइम्ड आउट" दाखवत असेल तर दोष वाय-फायचा, नेटवाल्याचा काही संबंध नाही. राउटरची खिडकी स्वच्छ आणि बाहेरची तुटते, तर दोष पुढे आहे. दोन्ही स्वच्छ आणि तरी गेम तुटला, तर गेम, अँटिव्हायरस, फायरवॉल किंवा सर्व्हरकडे परत या.

वाय-फायचा दोष निघाला तर पहिला उपाय केबल. आपल्याकडची जुनी घरं चिऱ्याची, भिंती जाड. सोप्यात राउटर आणि माडीवर गेम, म्हणजे मध्ये दोन भिंती आणि एक स्लॅब. ५ गिगाहर्ट्झ वेगवान असलं तरी भिंतीत लवकर मरतं, २.४ गिगाहर्ट्झ लांब जातं पण गल्लीतल्या सगळ्या राउटरांशी त्याची टक्कर होते. २.४ वरच राहायचं असेल तर चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचा निवडा, कारण हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. केबल ओढता येत असेल तर मात्र हे सगळं वाचतं. इथरनेट केबल १०० मीटरपर्यंत चालते, घरात तेवढी लागतच नाही.

दुसरा नेहमीचा प्रकार: एरवी पिंग ३०, पण ताईने फोटो किंवा व्हिडिओ अपलोडला लावला की पिंग ८०० आणि पोरगा बाहेर. गळिताच्या हंगामात संकेश्वरच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागे दुचाकी अडकते तसंच हे आहे. गेमचे पॅकेट (डेटाचे तुकडे) अगदी लहान असतात, पण मोठ्या अपलोडच्या रांगेमागे उभे राहतात. पिंगची खिडकी चालू ठेवून मुद्दाम एक मोठी फाइल अपलोडला लावा. पिंग चढलं तर राउटरमध्ये क्यूओएस (कुणाचा डेटा आधी जावा हे ठरवणारं सेटिंग) शोधा, किंवा अपलोडचा वेग प्रत्यक्ष वेगाच्या ८०-९० टक्क्यांवर बांधून टाका. सर्व्हर घरीच असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण सगळ्या खेळाडूंना जाणारा डेटा तुमच्या अपलोडवरूनच जातो.

तिसरा प्रकार जरा विचित्र, म्हणून ओळखायला अवघड. यादीत सर्व्हर दिसतो, पिंगही छान, पण आत शिरताना जग लोड होतानाच अडकतो आणि थोड्या वेळाने टाइम्ड आउट. इथे लहान पॅकेट जातात, मोठे वाटेत गडप होतात. युजरनेम-पासवर्ड टाकून चालणाऱ्या फायबर जोडणीला पीपीपीओई म्हणतात, तिच्यात नेहमीच्या १५०० ऐवजी १४९२ बाइटांचंच पॅकेट मावतं. पिंगला तुकडे न करण्याचा पर्याय देऊन आकार १४७२ ठेवा. ते गेलं नाही आणि १४६४ गेलं, तर राउटरमधला एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) १४९२ करा.

मोबाइल नेट आणि हद्द

आपल्या भागात हा विषय वेगळा लिहावाच लागतो. कर्नाटक आणि महाराष्ट्र ही मोबाइलची दोन वेगळी सर्कल आहेत. निपाणी-कागल पट्ट्यात, किंवा बेळगावहून शिनोळीकडे जाताना फोन कधी इकडचा टॉवर धरतो, कधी तिकडचा. सर्कल बदललं की फोन रोमिंगवर जातो, आणि डेटा रोमिंग बंद असेल तर काही फोनमध्ये नेटच थांबतं, वर दांड्या मात्र पूर्ण दिसतात. नेट चालू राहिलं तरी जोडणी नव्याने होते, आयपी पत्ता बदलू शकतो. जावा आवृत्तीचं माइनक्राफ्ट टीसीपी या पद्धतीच्या जोडणीवर चालतं, आणि ती जोडणी दोन्ही टोकांच्या पत्त्यांना बांधलेली असते. पत्ता बदलला की तुटलीच.

म्हणून हद्दीवरच्या गावातून हॉटस्पॉटवर खेळणाऱ्याने तीन गोष्टी कराव्यात: डेटा रोमिंग चालू ठेवावं, नेटवर्क निवडणं ऑटोमॅटिकवरून काढून आपल्या सर्कलचं नेटवर्क हाताने निवडावं, आणि फोन घरात एका जागी, खिडकीपाशी ठेवावा. बॅटरी सेव्हर बंद. काही फोन पडदा विझल्यावर हॉटस्पॉट झोपवतात, तेही सेटिंगमध्ये पाहा.

मधला रस्ता

एका नेटवाल्याचे सगळे तुटतात आणि दुसऱ्याचे ठीक असतात, तर दोष मधल्या वाटेवर. ट्रेसर्ट किंवा विनएमटीआर (पॅकेट कुठून कुठून जातात ते दाखवणारी साधनं) लावून ती वाट तपासा. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे येऊन-जाऊन १०० किलोमीटरला एक मिलिसेकंद. बेळगाव ते मुंबई सुमारे ५०० किलोमीटर, म्हणजे निव्वळ अंतराचे ५ मिलिसेकंद. वाटेतल्या यंत्रांमुळे ते २०-३० झालं तर ठीक. मुंबईच्या सर्व्हरला १२० येत असेल तर पॅकेट भलत्याच वाटेने फिरून येतायत. आणि सर्व्हर सिंगापूरला असेल तर अंतराचंच पिंग जास्त. भाड्याने घ्यायचाच तर मुंबईतला घ्या.

विनएमटीआर वाचताना मोठी गल्लत होते. मधल्या एखाद्या टप्प्यावर ६० टक्के लॉस (पॅकेट हरवणं) दिसतो आणि लोक ओरडतात. मधले राउटर पिंगला उत्तर देण्याचं काम मागे ढकलतात, पॅकेट मात्र पुढे नीट पाठवतात. लॉस एखाद्या टप्प्यापासून सुरू होऊन शेवटच्या ओळीपर्यंत टिकला तरच तो खरा. सकाळी सातला आणि रात्री नऊला, दोन्ही वेळची चित्रं घ्या. सकाळी स्वच्छ आणि रात्री लॉस म्हणजे गर्दी.

बाहेरून कुणी आतच येत नाही

घरातल्या संगणकावरून सर्व्हर दिसतो, बाहेरच्यांना नाही. आधी खात्री करा की तुम्ही स्वतः घरच्या आतल्या पत्त्यावरूनच तपासताय. बरेच राउटर आतून स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्यावर जाऊ देत नाहीत, त्यामुळे खरं तर चालू असलेला सर्व्हर तुम्हाला बंद वाटतो. बाहेरची तपासणी मोबाइल नेटवरून करा.

पोर्ट: माइनक्राफ्ट जावाचा २५५६५, टीसीपी. बेडरॉकचा (मोबाइल-कन्सोलवरच्या माइनक्राफ्टचा) १९१३२, यूडीपी (डेटा पाठवायची दुसरी पद्धत). काउंटर-स्ट्राइकचा २७०१५, यूडीपी. राउटरमध्ये फक्त तोच पोर्ट सर्व्हरच्या मशीनकडे वळवा आणि त्या मशीनचा आतला पत्ता कायमचा ठरवून द्या, नाहीतर रीस्टार्टनंतर पोर्ट कुण्या टीव्हीकडे वळेल. विंडोज फायरवॉलमध्ये जावाला परवानगी हवी.

हे सगळं करूनही जमत नसेल तर राउटरच्या पानावरचा वॅन आयपी (नेटवाल्याकडून राउटरला मिळालेला पत्ता) आणि गुगलवर दिसणारा तुमचा आयपी ताडून पाहा. दोन्ही वेगळे असतील, आणि राउटरवरचा १०० ने सुरू होऊन दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल किंवा १० ने सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटलेला असतो आणि पोर्ट फॉरवर्डिंग तिथे चालणारच नाही. नेटवाल्याकडून स्टॅटिक आयपी (तुमचा एकट्याचा, न बदलणारा पत्ता) मागा, थोडे जास्त पैसे पडतात. नाहीतर टेलस्केलसारखं, मशीनं एकमेकांना खाजगी जाळ्यात जोडणारं साधन प्रत्येक खेळाडूच्या मशीनवर टाका, ठरलेल्या मित्रांपुरता हा उत्तम आणि सुरक्षित मार्ग आहे. रोज वीसेक पोरं येणार असतील तर मुंबईतलं छोटं मशीन भाड्याने घेतलेलं बरं.

काउंटर-स्ट्राइकवाल्यांसाठी

नेट ग्राफ (गेममध्येच जोडणीचे आकडे दाखवणारी पट्टी) चालू करून लॉस आणि चोक हे दोन आकडे बघा. लॉस म्हणजे पॅकेट वाटेत हरवले, वर सांगितलेली घरची चाचणी करा. चोक म्हणजे सर्व्हरला पाठवायचं होतं पण रेट (डेटाच्या वेगाची मर्यादा) कमी ठेवल्यामुळे अडलं, तिथे दोन्ही टोकांचे रेट वाढवा. "युअर मॅप डिफर्स" आलं तर त्या खेळाडूकडची मॅपची फाइल वेगळी आहे, ती सर्व्हरवरून घेऊन बदला.

नेटवाल्याशी बोलताना

एका वेळी एकच बदल करा आणि तो वहीत लिहा. दोष बाहेरचा आहे असं ठरलं की ती वही घेऊनच नेटवाल्याकडे जा. "काका, नेट स्लो आहे" म्हटलं की उत्तर येतं, "राउटर बंद करून चालू कर." त्याऐवजी असं सांगा: "केबलवर आहे, राउटरचं पिंग एक मिलिसेकंद, बाहेर रोज रात्री नऊ ते अकरा लॉस येतोय, हे आठ दिवसांचे स्क्रीनशॉट." फायबरच्या पेटीच्या पानावर आरएक्स पॉवर (पेटीपर्यंत पोचणारा प्रकाश) दिसत असेल तर तोही आकडा द्या. उणे १५ ते उणे २५ डीबीएम ठीक, उणे २७ च्या पलीकडे गेला तर प्रकाश कमी पडतोय. कोरड्या दिवसाचा आणि पावसाच्या दिवसाचा, असे दोन्ही आकडे लिहून ठेवा. पावसात आकडा घसरत असेल तर खांबावरच्या जॉइंटमध्ये पाणी जातंय किंवा केबल वाऱ्याने वाकतेय, तेव्हा जॉइंट नव्याने मारून द्या असं नेमकं मागा, आणि काम झाल्यावर तो माणूस खाली उतरण्याआधी आकडा पुन्हा वाचा.